वर्दी आणि वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी, पोलीस भरतीत निवड झालेल्या वस्तीतील मुलामुलींच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



समितीने आम्हाला सांगितले, दहा मिनिटे बोला. विषय दिला ‘पोलीस आणि समता’. आम्ही काही वक्ते नव्हे. आमची सारी उमर गिरणीत गेली, आधी भिवंडीच्या लूमवर आणि मग इकडे जिनिंगमध्ये. कापसातून रुई वेगळी आणि सरकी वेगळी करणे एवढेच आमचे शिक्षण. दहावीत गणिताने पाडले. त्यानंतर जे काय वाचले ते रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणलेल्या पुस्तकांतून, रात्रपाळी सुटल्यावर. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी. दहा मिनिटांची वीस झाली तर खीर थंड होईल, तेवढे मात्र सोसा.

या भरतीत आपल्या वस्तीतली चार मुले आणि दोन मुली निवडल्या गेल्या. या पोरी पहाटे चारला रस्त्यावर धावत होत्या तेव्हा आम्ही पाळीवरून घरी येत होतो. चार किलोचा गोळा कोणी आणून दिला नाही, तर काटा घेऊन धोंडा तोलला आणि त्यावर सराव केला. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या आयांनी आज नवी लुगडी नेसली आहेत ती उगाच नाही.

पण हार घालायच्या आधी एक गोष्ट ध्यानात आणून द्यावीशी वाटते. ही वर्दी आपल्याला कोणी सहज दिलेली नाही. जुन्या काळी गावाची राखण महाराने करायची, चोराचा माग त्याने काढायचा, सरकारी खजिना त्याने डोक्यावरून तालुक्याला पोचवायचा. अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्याला चारा त्यानेच घालायचा. मात्र पट्टा बांधून शिपाई व्हायचे म्हटले की तो अस्पृश्य. अस्पृश्य शिपाई सवर्णाच्या घरात झडतीला शिरणार कसा, असा सवाल करीत. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या सरकारकडे अर्ज धाडला. आम्हाला लष्करात घ्या, पोलिसात घ्या, ही त्यातली मागणी. पुढे मुंबई इलाख्यात १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली. तिच्यावर बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी हे सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीने शिफारस केली की अस्पृश्यांना पोलीस खात्यात घ्यावे. आपले वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, म्हणून ती समिती थेट आपल्यासाठी नव्हती, पण वाट तिथूनच पडली. म्हणजे या पोरांच्या छातीवर जी नावाची पट्टी लागणार आहे तिच्यामागे शंभरावर वर्षांचे अर्ज आहेत.

एवढे बोलून आम्ही खाली बसलो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पण आमच्या मनात एक जुनी सल आहे, ती आज बाहेर काढणार आहोत.

१९८४ सालची गोष्ट. आपला वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. आपण सारे अकोला जिल्ह्यातले. आमच्या वडिलांनी गायरानाचा एक तुकडा वाहिताखाली आणला होता. ज्वारी कमरेइतकी आली होती. एका रात्री कोणी तरी त्यात गुरे सोडली. कोणी ते सारे गाव जाणत होते. सकाळी वडील आम्हाला घेऊन पायी ठाण्याला गेले, रिपोर्ट द्यायला. आम्ही चौदा वर्षांचे. व्हरांड्यात बसा म्हटले, बसलो. आत टेबलाशी लिहिणारा जमादार आपला होता. छातीवरचे नाव आम्ही वाचले आणि वडिलांना कोपराने ढोसले, की बाबा, आपलाच हाय. वडिलांच्या तोंडावर जे हसू आले ते आम्हाला अजून दिसते.

दिवस मावळला तरी रिपोर्ट लिहिली गेली नाही. ‘साहेब आले की घेऊ’, एवढेच. दुपारी त्या जमादाराने स्वतः तांब्या भरून पाणी आणून दिले. वडिलांच्या नजरेला नजर दिली नाही. संध्याकाळी म्हणाला, ‘बाबा, उद्या या.’ वडील उद्या गेले नाहीत. रस्त्याने एवढेच बोलले, ‘त्याले बी लेकरं असतीन बाप्पा.’

ते ठाणे कोणते ते सांगणार नाही. सांगून उपयोग नाही. पण त्या जमादाराला आम्ही पुढे वीस वर्षे भाषणांतून झोडपले. नाव न घेता, पण झोडपले. समाजाचा गद्दार म्हणायचो, टाळ्या मिळायच्या.

१९८९ मध्ये आम्ही घर सोडले. वाशिमहून मीटरगेज गाडीने अकोला, तिथून मोठ्या गाडीने कल्याण, तिथून भिवंडी. यंत्रमागावर कांडी भरण्याचे काम मिळाले. एका खोलीत आठ जण, चार दिवसपाळीचे, चार रात्रपाळीचे. अंथरुणे चारच, ती थंड म्हणून होतच नसत. मालक मुसलमान, मुकादम उत्तर प्रदेशचा, शेजारी तेलंगणाकडचे पद्मशाली, आणि आम्ही वऱ्हाडी. रात्रंदिवस धोट्यांचा खडखडाट, इतका की गावी आलो की शांततेने झोप येत नसे.

भिवंडी हे नाव त्या काळी कसे घेत ते आजच्या मुलांना माहीत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून तिथे दंगल उसळली, जळगाव आणि महाडपर्यंत गेली, आणि तिन्हीकडे मिळून दीडशेवर माणसे मेली. तिच्या चौकशीला न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. त्या आयोगाने पोलिसांच्या तपासातला पक्षपात उघडा केला, खोटे पुरावे उभे केल्याचे लिहून ठेवले. मग १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, भिवंडीपासून ठाण्या-मुंबईपर्यंत, बळी दोनशेच्या वर. आमच्या बापाची ज्वारी खाल्ली गेली त्याच वर्षी. आम्ही गेलो तेव्हा जळलेल्या भिंती ठिकठिकाणी उभ्या होत्या. आई पत्रातून विचारायची, दुसरीकडे काम मिळत नाही काय.

तिथे १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले होते. भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी. ते मुसलमानही नव्हेत आणि बौद्धही नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. त्यांना आम्ही जवळून कधी पाहिले नाही. कांडीवाल्याला उपायुक्त कुठे भेटणार! पण त्यांनी केलेले काम आम्ही आमच्या गल्लीत पाहिले.

काम काय, तर त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. एक-दोन काढल्या असत्या तर फोटोपुरते झाले असते. साऱ्या गावात मिळून सुमारे सत्तर काढल्या. प्रत्येक कमिटीत हिंदू जितके, मुसलमान तितके. आणि माणसे कोणती? शांतता समिती म्हटली की आपल्याकडे नेहमीचे चेहरे येतात, पांढऱ्या कपड्यातले, ठाणेदाराबरोबर सोफ्यावर बसणारे. इथे रिक्षावाला, पानवाला, लूमवाला, भाजीवाला असली साधी माणसे घेतली. कमिटीला एक पोलीस नेमून दिलेला असे, आणि बैठक नेमाने होई. दंगल झाल्यावर बसायची ती बैठक नव्हे, काहीच झालेले नसताना बसायची.

आमच्या गल्लीतली पहिली बैठक आम्हाला चांगली आठवते. मुकादम म्हणाला, तुझे अक्षर बरे आहे, हजेरीची वही तू धर. म्हणून आम्हाला त्यात शिरकाव मिळाला. शाळेच्या पडवीत बाकडी टाकली होती. आम्हाला वाटले, आता मंदिर-मशिदीचे भाषण होणार. पण पहिला तासभर भांडण चालले ते नळाचे. नळ कोणत्या बाजूला, पाणी कोणाला आधी. मग गटाराचे. मग भोंग्याचे. एक म्हातारी उठली, म्हणाली, माझा जावई दारू पिऊन लेकीला मारतो, त्याचे बोला. आणि तो हवालदार, वहीत लिहून घेत होता! आमच्या डोळ्यांपुढे तो व्हरांडा आला. वडिलांची रिपोर्ट ज्या खात्याने दिवसभरात लिहिली नाही, त्याच खात्याचा माणूस नळाचे भांडण लिहून घेतो, आणि पुढल्या बैठकीला येऊन सांगतो की त्याचे काय झाले. आम्हाला तेव्हा हसू आले होते. त्याचे मोल पुढे कळले.

हे काही शिपायांना आवडत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गल्लीच्या कोपऱ्यावर बिडी ओढत एक जण म्हणाला होता, आम्ही पोलीस की नगरपालिका? त्याचेही खरे होते. ड्युटी बारा तासांची आणि वर ही बैठक. पण त्यातून झाले असे की गल्लीतले प्रत्येक पोर त्याला नावाने ओळखू लागले, आणि तो पोराला. हिंदू गल्लीत मुसलमान आणि मुसलमान गल्लीत हिंदू ही जी भीती असते ती नाव माहीत नसल्याची भीती असते. शिपाई आणि वस्ती यांच्यातही तीच असते.

आता ६ डिसेंबर १९९२. तो दिवस आपल्याला वेगळा सांगावा लागत नाही. आम्ही पहाटेच दादरला गेलो होतो, चैत्यभूमीवर. रांगेत उभे राहून दर्शन घेतले, एक पुस्तक आणि बाबासाहेबांचा फोटो घेतला. परत येताना लोकलमध्ये लोक हळू आवाजात बोलत होते. कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातमी आली होती, अयोध्येत मशीद पाडली. डब्यात जे बोलत होते तेही गप्प झाले. त्याच रात्री मुंबई पेटायला लागली.

आमच्या पोटात गोळा. कल्याणला उतरलो तेव्हा मनात एकच, भिवंडीत आता काही उरले नसणार. १९७० झाले, ८४ झाले, आता तर कारणच एवढे मोठे. रात्री गल्लीच्या तोंडाशी आलो तर बाकडे टाकलेले. त्यावर पानवाला, मुकादम, पद्मशाल्यांचा म्हातारा, बाजूला स्टुलावर तो हवालदार. चहाची किटली. लूम बंद होते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही ती गल्ली शांत ऐकली. आम्हाला पाहून मुकादम म्हणाला, कुठे गेला होता रे, तुझी वाट पाहत होतो, वही घेऊन बस. कोण घरी आहे, कोण बाहेर गेला आहे, याची यादी करायची होती. म्हणजे उद्या कोणी अफवा उठवली की अमक्याला कापला, तर लगेच सांगता यावे की तो हा इथे जेवतो आहे. आम्ही रात्रभर नावे लिहिली.

डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही मिळून ९०० मृत्यू नोंदवले, आणि पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता हे स्पष्ट शब्दांत लिहिले. तिथून थोड्याच कोसांवरची भिवंडी, जिचे नाव काढले की लोक दंगल म्हणत, ती शांत राहिली.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. डिसेंबर ९२ मध्ये खोपडे साहेब भिवंडीत नव्हतेच! त्यांची बदली होऊन गेली होती. त्यांच्या जागी गुलाबराव पोळ हे उपायुक्त होते, आणि त्यांनी ते काम मोडले नाही, पुढे चालवले. नाही तर आपल्याकडे नवीन साहेब आला की जुन्याची पाटी आधी काढतो. साहेब गेला तरी बाकडे जाग्यावर राहिले, म्हणून गाव वाचले.

मुंबईला पुढे ही अक्कल आली. दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या खटपटीतून तिथेही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. खोपडे साहेबांनी मुंबई जळाली आणि भिवंडी का जळाली नाही यावर पुस्तक लिहिले. निवृत्तीनंतर २०१४ मध्ये ते बारामतीतून लोकसभेलाही उभे राहिले आणि पडले. गल्लीतले काम करणाऱ्या माणसाला मते मिळतातच असे नाही, हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही.

पण भिवंडीची आरतीच ओवाळावी असेही नाही. ५ जुलै २००६ ला त्याच भिवंडीत काय झाले? पोलीस ठाण्याच्या इमारतीसाठी घेतलेल्या जागेवरून वाद पेटला. लोक म्हणत होते ती कब्रस्तानची जागा आहे. गोळीबारात दोन नागरिक मेले आणि रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. ज्या गावाने ९२ पचवले त्या गावात एका ठाण्याच्या भिंतीवरून चार जीव गेले. आम्ही तेव्हा इकडे जिनिंगमध्ये गठाणी मोजत होतो. पेपर वाचला आणि पहिला प्रश्न मनात आला, बाकडी कोणी उचलली? बैठका थंडावल्या की वस्तीला पोलीस परका होतो आणि पोलिसाला वस्ती. मेलेले ते दोन शिपाईही कोणा गरिबाचीच लेकरे होती.

आता कोणी म्हणेल, मग आपल्या गावोगावी तंटामुक्ती समित्या आहेतच की. आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून आहेत, आणि बांधाची, भाऊबंदकीची पुष्कळ भांडणे त्यांनी मिटवली, हे नाकारू नये. पण इथे आम्हाला एक भेद करायचा आहे, तो नीट ऐका. भिवंडीच्या कमिटीत दोन्ही बाजूंची माणसे सारखी होती. म्हणून समेट हा समेट होता. आपल्या खेड्यात जमीन एका बाजूला, मजुरी दुसऱ्या बाजूला, आणि समितीत आपला माणूस एक, तोही ज्याच्या शेतात कामाला जातो त्याच्या शेजारी बसलेला. तिथे अत्याचाराचा ‘तंटा’ करून मिटवला की त्याला समेट म्हणत नाहीत. तिथे रिपोर्टच पाहिजे.

आणि रिपोर्टसाठी नुसता आपला माणूस ठाण्यात बसून भागत नाही. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चार जीव. त्याआधी त्या कुटुंबाची बाजू घेणारे सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली, ते स्वतः शेजारच्या गावचे पोलीस पाटील होते. पोलीस पाटलाला जिथे संरक्षण नाही तिथे सुरेखाबाईंना कुठले? आनंद तेलतुंबडे यांनी या प्रकरणावर लिहिलेल्या पुस्तकात दाखवले आहे की त्या वेळी शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत आणि डॉक्टरपर्यंत, कर्तव्यात कसूर करणाऱ्यांत आपलीच माणसे होती. वाचून आम्ही पुस्तक मिटवून ठेवले होते दोन दिवस. न्यायालयातही अॅट्रॉसिटीचा कायदा त्या खटल्यात टिकला नाही.

त्याच कायद्यातले आणखी एक कलम आहे, चौथे. लोकसेवकाने जाणूनबुजून कर्तव्यात हयगय केली तर शिक्षा. फार चांगले कलम. पण ते लागू होते अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला. म्हणजे उद्या या सहा पोरांपैकी कोणी ठाण्यात आलेल्या म्हाताऱ्याची रिपोर्ट लिहिली नाही, तर त्या कलमाखाली त्याला हात लावता येत नाही. त्याला हात लावायचा तो आपणच, आणि पाठीवर हात ठेवायचा तोही आपणच.

पाठीवर हात म्हणतो, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका धम्म परिषदेत, भोजनदानाच्या मंडपात, एक गृहस्थ समोर येऊन बसले. केस पांढरे, काठी. आम्ही त्यांना ओळखले नाही, त्यांनी आम्हाला ओळखले. म्हणाले, तुमची भाषणे ऐकतो मी. तुम्ही ज्या जमादाराचे सांगता तो मी.

हातातला घास हातातच राहिला.

ते रागावले नव्हते. शांतपणे बोलत होते. म्हणाले, ‘त्या ठाण्यात मी एकटा होतो. त्याच्या आधीच्या ठाण्यात आपल्या एका बाईची रिपोर्ट घेतली म्हणून तीन महिन्यांत बदली झाली, पोरांची शाळा मोडली. तुमच्या वडिलांची घेतली असती तर चौथी बदली होती. मी घाबरलो, हे कबूल आहे. पण एक सांगा, तुमच्या वस्तीतून कोणी कधी ठाण्यात आले का, की जमादार, तुम्ही कसे आहात? दाखल्यावर सही पाहिजे असली की येत होते. बदली झाली तेव्हा एक माणूस मोटार स्टँडवर आला नाही.’

आम्ही काय बोलणार! वडील तर तेव्हाच म्हणाले होते, त्याले बी लेकरं असतीन. आम्ही चळवळीत राहून जे शिकलो नाही ते आमच्या अडाणी बापाला पायी चालताना समजले होते. आम्ही त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, माफी मी मागायला पाहिजे, ज्वारी तर तुमची गेली. मग दोघांनी एकमेकांच्या ताटात वाढले आणि जेवलो. ते आता नाहीत.

तेव्हापासून आम्हाला खोपडे साहेबांच्या कामाचा अर्थ वेगळा लागतो. आमच्या गल्लीतला तो हवालदार नळाचे भांडण निर्भयपणे लिहून घ्यायचा, कारण त्याच्यामागे वरचा साहेब होता आणि पुढ्यात पन्नास माणसे होती जी त्याला नावाने ओळखत. आमच्या जमादारामागे कोणी नव्हते आणि पुढ्यात एक म्हातारा आणि एक पोर. स्टार्ट समितीने आपल्या माणसाला ठाण्याच्या आत नेण्याची वाट दाखवली. ठाण्याला गल्लीत आणण्याचे काम बाकी राहिले आहे, आणि ते सरकारी हुकमाने होत नाही.

मुलांनो, आता तुम्हाला थेट. तुम्ही आम्हाला ‘साहेब’ होऊन दाखवा असे सारे म्हणतील. आम्ही म्हणतो, व्हरांड्यात कोणी बसला असेल तर त्याला विचारा, किती वेळ बसलास. तो आपला असो, मराठा असो, बंजारा असो, मुसलमान असो. आपल्याच माणसाचे काम करायचे आणि दुसऱ्याला बसवायचे, हे कराल तर त्या जुन्या खात्यात आणि तुमच्यात फरक तो काय? पोरींना एक जास्तीचे. ठाण्यात बाई आली की ती तुमच्याकडे पाहील, तिला पुरुष अंमलदाराकडे ढकलू नका.

आणि वस्तीला. रिपोर्ट कशी द्यायची हे आपल्याला येत नाही म्हणून तोंडी बोलून परत येतो. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या १७३ कलमाखाली दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्द कोणाचीही असो. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. घेत नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, पावती जपून. अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असते, तिची दर तीन महिन्यांनी बैठक व्हावी असा नियम आहे. आपल्यापैकी कितीजणांनी तिची तारीख विचारली? हात वर करा. बघा, आम्हीही वर केला नाही.

महिला मंडळ मघापासून खुणा करीत आहे, खीर झाली. एवढेच सांगून बसतो. येत्या रविवारी सकाळी दहाला विहाराच्या ओट्यावर आपल्या बीटच्या जमादारांना बोलावले आहे. ते येतो म्हणाले आहेत. पलीकडच्या मोहल्ल्यातले चार जण आणि चौकातले दुकानदारही येणार आहेत. विषय तीन ठेवले आहेत. नाल्याजवळची दारूची टपरी, मुलींच्या शिकवणीच्या वाटेवरचा बंद दिवा, आणि जयंतीच्या मिरवणुकीची वेळ व रस्ता. भाषण कोणी करायचे नाही. हजेरीची वही आम्ही आणली आहे, पण डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. बऱ्या अक्षराचे एखादे पोर पाहिजे. जयभीम.